मजुराचा हात आणि सहा तासांची मुदत

दिवाळी सरली की अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या, दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीचे तांडे निघतात. जिल्ह्याच्या उत्तरेकडील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात ती या तांड्यांच्या बळावर. ‘कोयता’ हे या व्यवहारात केवळ हत्याराचे नाव नाही. नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात आणि मुकादमाच्या वहीत उचल लिहिली जाते ती कोयत्याच्या नावावर. ऊस डाव्या मुठीत धरायचा आणि उजव्या हाताने बुडख्याशी घाव घालायचा, तोही पहाटेच्या अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. एखादा घाव चुकतो आणि मनगटाच्या वर डाव्या हातावर बसतो. फडाबाहेरची कथाही निराळी नाही. कडबाकुट्टीच्या पात्याखाली वैरण सारताना, मळणीयंत्रात कणसे लोटताना, रसवंतीच्या चरकात कांडे घालताना हात आत ओढला जातो. शेतीत यंत्र आले, विजेची मोटर आली. यंत्राभोवतीचे संरक्षक आवरण मात्र पुष्कळ ठिकाणी आले नाही, आणि जेथे आले तेथे काम सावकाश होते म्हणून काढून ठेवले गेले.

अशा वेळी त्या हाताचे नेमके काय होते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. कारण पुढचा सारा प्रश्न, तो आरोग्यव्यवस्थेचा असो वा नुकसानभरपाईचा, या शरीरशास्त्राशी बांधलेला आहे. दंडातून खाली येणारी धमनी कोपराशी दोन शाखांत विभागते. एक अंगठ्याच्या बाजूने जाते. वैद्य मनगटावर नाडी पाहतो ती हीच. दुसरी करंगळीच्या बाजूने जाते. तळहातात दोन्ही पुन्हा एकमेकींना मिळून कमान करतात. या कमानीमुळे निसर्गाने मजुराला एक सवलत देऊन ठेवली आहे: दोहोंपैकी एक धमनी तुटली आणि दुसरी शाबूत असली, तर बहुधा पंजा जगतो, आणि कित्येकदा शल्यचिकित्सक तुटलेली धमनी सरळ बांधून टाकतात. त्यात गैर काही नाही. संकट येते ते दोन्ही तुटल्या म्हणजे, किंवा घाव कोपराच्या वर, फाटा फुटण्याआधीच्या मोठ्या धमनीवर बसला म्हणजे. मग पंजा पांढरा पडतो, गार पडतो, बोटांची जाणीव जाते, ती हलेनाशी होतात. रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतर त्यांचा नाश सुरू होतो आणि तो परतवता येत नाही.

एका गैरसमजाने या सहा तासांतील पुष्कळसे तास वाया जातात. धमनी अर्धवट तुटली तर रक्त वाहतच राहते. पूर्ण तुटली तर तिची टोके आत ओढली जातात, आकसतात आणि रक्त बरेचदा आपोआप थांबते. सोबतची माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात. हळद दाबली जाते, लुगड्याची चिंधी बांधली जाते, सकाळी बघू असे ठरते. रक्त थांबले म्हणजे धोका टळला, ही समजूत कोपीपासून कारखान्याच्या शेतकी कार्यालयापर्यंत सर्वत्र आढळते. वस्तुतः अशा जखमेत रक्त थांबणे हीच धोक्याची खूण असू शकते. बोलीभाषा धमनीलाही ‘शीर’ म्हणते आणि अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरेलाही ‘शीर’च म्हणते. पण एक तुटणे आणि दुसरी तुटणे यांत हात जाण्या-राहण्याचा फरक आहे.

धारदार कोयत्याने झालेली जखम स्वच्छ असते; धमनीची दोन टोके जवळ आणून शिवता येतात. यंत्राने झालेली जखम तशी नसते. धमनी चिरडलेली, ताणलेली, आतून फाटलेली असते. खराब झालेला भाग कापून काढल्यावाचून गत्यंतर नसते आणि काढला की मध्ये काही सेंटिमीटरांची खिंड पडते. टोके ओढून जुळवली तर शिवणीवर ताण येतो आणि तेथेच रक्ताची गुठळी धरते. म्हणून मधला तुकडा दुसरीकडून आणावा लागतो. तो येतो जखमी माणसाच्याच पायातून. घोट्यापासून मांडीपर्यंत कातडीखालून जाणारी लांब शीर आहे. तिचा तुकडा काढला तरी पायाचे अडत नाही, कारण पायाचे बहुतांश रक्त खोलवरच्या शिरा वाहून नेतात. शिरांमध्ये रक्त एकाच दिशेने जावे म्हणून झडपा असतात. त्या प्रवाहाच्या आड येऊ नयेत यासाठी तुकडा उलटा फिरवून बसवतात. सोबत बारीक सुई, केसाहून बारीक धागा, डोळ्याला लावायचे भिंग, रक्त गोठू न देणारे हेपरिन आणि सरावलेले हात असले म्हणजे झाले. प्लास्टिकच्या कृत्रिम नळ्या मोठ्या धमन्यांना चालतात. मनगटाजवळच्या दोन-तीन मिलिमीटरच्या धमनीत त्या तुंबतात आणि मातीने माखलेल्या जखमेत पू धरतात. म्हणजे या शस्त्रक्रियेतील सर्वांत मोलाची वस्तू कोणत्याही कंपनीला विकता येत नाही. ती श्रीमंताच्या पायात आहे तशीच ऊसतोड मजुराच्याही पायात आहे.

हे तंत्र नवे आहे असेही नाही. १८९४ मध्ये लिऑन शहरात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि ती शिवण्याची विद्या तेव्हा कोणापाशी नव्हती, अध्यक्ष दगावले. त्याच शहरातील अलेक्सिस कारेल या तरुण डॉक्टरने मग हा विषय हाती घेतला. सूक्ष्म टाके घालण्याची कला तो भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडून शिकला. १९०२ मध्ये त्याने रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. (या गृहस्थांची पुढची मानववंशविषयक मते निंद्य होती, पण टाक्याचा त्यात दोष नाही, आणि तो टाका मुळात एका कारागीर स्त्रीचा होता.) १९०६ मध्ये माद्रिदच्या गोयानेस यांनी गुडघ्यामागील धमनीच्या जागी शिरेचा भाग वापरून रक्तप्रवाह चालू केला. म्हणजे धमनीच्या जागी शीर घालण्याच्या कल्पनेला शंभरांवर वर्षे होऊन गेली.

तरीही दुसऱ्या महायुद्धात ती विद्या सैनिकांच्या कामी फारशी आली नाही. डबेकी आणि सिमियोनी या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब मांडला. बहुतेकांची धमनी बांधूनच टाकली होती. शिवल्या होत्या त्या जेमतेम ८१. धमनी बांधलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा हात वा पाय कापावा लागला. कोरियाच्या युद्धात हेच प्रमाण शेकडा तेरापर्यंत खाली आले. सात-आठ वर्षांत मानवी शरीर बदलले नव्हते. कोणता अद्भुत शोधही लागला नव्हता. बदलली होती ती व्यवस्था. जखमीला हेलिकॉप्टरने उचलून आघाडीजवळच्या तंबूतील रुग्णालयात काही तासांत आणले जाऊ लागले आणि तेथील तरुण, सर्वसाधारण शल्यचिकित्सकांना धमनी जोडण्याचे, शिरेचा तुकडा बसवण्याचे शिक्षण दिले गेले. सरकारच्या मनात आले तर तंबूतसुद्धा हात वाचवता येतो, एवढे यातून सिद्ध होते. प्रश्न इतकाच की सरकार कोणाचा हात मोलाचा मानते.

जानेवारी १९६३ मध्ये शांघायमधील एका कारखान्यात यंत्राखाली सापडून एका कामगाराचा उजवा हात मनगटाच्या किंचित वर पूर्ण तुटला. तुटलेल्या हातासह तो शहरातील सहाव्या लोकरुग्णालयात पोहोचला आणि चेन झोंगवेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हात पुन्हा जोडला. हाडे, धमन्या, शिरा, मज्जातंतू, स्नायुबंध सारे जोडले आणि हात कामाला लागला. चीनच्या राजवटीविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत नोंद झालेली ही घटना एका साध्या यंत्रकामगाराच्या हाताची आहे, कोणा सेनापतीच्या नव्हे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळावे. येथे कागदावर उणे काही नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्या उपचारयादीत हाताच्या धमनीला शिरेचा तुकडा जोडण्याची शस्त्रक्रिया अंतर्भूत आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. म्हणजे गाडी आहे, पैसा आहे, यादी आहे. परंतु यादी हात जोडत नाही. हात जोडतो तो माणूस. तो माणूस रात्री दहा वाजता कोठे असतो?

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंचेचाळीस लाखांवर वस्ती. पश्चिमेला अकोल्यात सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी पाडे, दक्षिणेला जामखेड-कर्जतचे माळ. जामखेडहून जिल्ह्याचे ठाणे पाऊणशे किलोमीटर आणि तेथून पुणे आणखी सव्वाशेच्या आसपास. जिल्हा रुग्णालयाच्या रूढ पदरचनेत शल्यचिकित्सक असतो, अस्थितज्ज्ञ असतो. रक्तवाहिन्यांचे काम करणारा असा स्वतंत्र माणूस नसतो. मग जखमी मजुराचा प्रवास ठरून गेलेला असतो. फडावरून प्राथमिक केंद्र, तेथून ग्रामीण रुग्णालय, तेथून नगर, नगरहून पुणे. प्रत्येक पायरीवर पट्टी बदलते, एक चिठ्ठी मिळते आणि तास-दीड तास जातो. पहिल्या डॉक्टरने हात गार आहे हे ओळखून थेट योग्य ठिकाणी धाडले असते तर वाचले असते ते तास हेच. शिवाय शिधापत्रिका आणि आधार गावाकडच्या पेटीत असतात. मजूर असतो दुसऱ्याच तालुक्यातील कोपीत. पुण्यात पोहोचेपर्यंत आठ तास झालेले असले, तर मग शिरेचा तुकडा घालून उपयोग नसतो. मेलेल्या स्नायूंत रक्त सोडणे उलट जिवावर बेतू शकते. हात कापला जातो, योजनेच्या पैशाने कापला जातो आणि नोंद ‘उपचार यशस्वी’ अशी होते.

उत्तरेकडे चित्र निराळे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि त्या परिसरात पुढे रुग्णालये, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. उसाच्या पैशातून वैद्यकीय शिक्षणाची इमारत उभी राहू शकते, हे या जिल्ह्याने दाखवून दिले आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्याच्या कोयत्याने तो ऊस तोडला त्याचे गाव त्या इमारतीपासून सर्वांत लांब राहिले, हेही तितकेच खरे.

कायद्याचे वर्तन तर विचित्रच आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने हाताची किंमत ठरवली ती उरलेल्या थोटकाच्या लांबीवरून. कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटिमीटर खाली कापला तर कमावण्याची शक्ती शेकडा साठ गेली असे धरायचे. त्याहून वर कापला तर शेकडा सत्तर. साडेचार इंचांचे ते इंग्रजी माप सेंटिमीटरमध्ये रूपांतरित होऊन दशकानुदशके चालत राहिले. कापलेला हात पट्टीने मोजता येतो. पण रक्त उशिरा मिळाल्याने वाळलेला, बोटे आखडून नखीसारखा झालेला हात या मापात बसत नाही. फोल्कमान या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्येच अशा आखडलेल्या हाताचे वर्णन करून ठेवले आहे. त्याचे नुकसान डॉक्टरच्या दाखल्यावर ठरवायचे. आणि दाखला आला की वाद आला, वकील आला, तारीख आली. त्यातही भरपाई मागायची कोणाकडे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात अनुदान योजना आहे. एक हात निकामी झाला तर तिच्यात एक लाख रुपये मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या कुटुंबातील एकाला. सातबारा नसलेल्याचा हात या हिशेबाबाहेर राहतो. यंत्रांबाबत १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला, तोही मुख्यतः मळणीयंत्रातील अपघातांमुळे. त्याचे नाव ग्रामसभेत कधी उच्चारले गेल्याचे किती कार्यकर्त्यांना आठवते?

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे, कारण तो प्रामाणिक माणसांकडूनही येतो. जेथे बाळंतपणात बायका दगावतात, मुले कुपोषित आहेत, तेथे धमनीला शीर जोडण्याची चैन कशाला? शिवाय जोडलेला हात पूर्वीसारखा होतो थोडाच? दुसऱ्या भागात तथ्य आहे. धमनीबरोबर मज्जातंतू आणि स्नायुबंधही तुटलेले असतात. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कोपराजवळ तुटला तर बोटांत जाण यायला वर्ष लोटते आणि पूर्ण येईलच असे नाही. तोवर व्यायाम, मालिश, पुन्हा पुन्हा तपासणी. त्या हंगामाची मजुरी बुडते आणि उचल अंगावर राहते. तरीही भाकरी थापायला, दोर धरायला, पोर उचलायला उरलेला अर्धा हात आणि थोटूक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुटलेल्या पायाला जयपूर फूट आहे. त्यावर माणूस नांगर धरतो, झाडावर चढतो. हाताला त्याच्या तोडीचे स्वस्त कृत्रिम साधन अजून कोणी दिलेले नाही. आणि बाळंतपण विरुद्ध हात ही निवडच मुळात खोटी आहे. रात्री भूलतज्ज्ञ हजर असणे, रक्तपेढी चालू असणे, शस्त्रक्रियागृहात वीज असणे ज्या गोष्टींनी धमनी जोडली जाते त्यांनीच अडलेली बाळंतीणही वाचते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यात उमेदीची वर्षे घालवली. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली आणि ते मांडव्याच्या खेड्यांत गेले. महानगरातील यंत्रसामग्रीची मक्तेदारी मोडून आरोग्यसेवा लोकांच्या हाती दिली पाहिजे, असे सांगणारा हा माणूस स्वतः अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया करणारा होता. त्याला कौशल्याचे वावडे नव्हते, कौशल्य शहरात कोंडून ठेवण्याचे होते. याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभारले त्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसलेल्या, बहुशः दलित स्त्रियांनी तेथे गावाचे आरोग्य हाती घेतले. ज्या बाईने बाळंतपणातील धोका ओळखायला शिकून घेतले, तिला मनगटावर बोट ठेवून नाडी लागते की नाही हे पाहणे, दोन्ही पंजांच्या उबेची तुलना करणे, जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरणे, दोरीने करकचून आवळू न देणे शिकवता येणार नाही काय? बोट किंवा पंजा सुटाच झाला असेल तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये, नाहीतर तो गोठून निकामी होतो. ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर एका बाईला एवढे आले, तर वाया जाणाऱ्या तासांपैकी निम्मे तेथेच वाचतील.

उरलेले निम्मे शासनाच्या हाती आहेत. ६ मे २०२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी येथे, अहिल्यादेवींच्या जन्मगावी, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ४३० खाटांचे रुग्णालय मंजूर झाले. ते कोणत्या गावी व्हावे यावर पुढारी भांडतील. ते त्यांच्या सवयीचे काम आहे. त्यात काय असावे, हे मात्र श्रमिकांच्या संघटनांनी सांगायला हवे. धमनी जोडू शकणारा शल्यचिकित्सक रात्रंदिवस पाळीवर हवा. ग्रामीण रुग्णालयांतील सर्जनांना शिरेचा तुकडा बसवण्याचे, निदान तात्पुरती नळी घालून रक्त चालू ठेवून पुढे पाठवण्याचे शिक्षण हवे. सूज येऊन स्नायू आतल्या आत गुदमरू नयेत म्हणून वेळीच चीर देण्याचे धैर्यही त्यांच्यात हवे. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी घ्यायचे ठरले आहे. त्या पैशातील किती रक्कम हंगामात तळावरील प्रथमोपचारासाठी आणि वाहनासाठी ठेवली आहे, हा प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक तालुक्यातून विचारता येण्याजोगा आहे. जिल्हा रुग्णालयालाही एक साधा प्रश्न विचारावा: गेल्या गळीत हंगामात हाताच्या धमनीच्या जखमेचे किती रुग्ण आले, किती तासांनी आले, कितींची धमनी जोडली आणि कितींना पुढे पाठवले? पुढे पाठवलेल्यांचे हात राहिले की गेले, याचे उत्तर त्या कार्यालयात मिळाले नाही, तर मुकादमाच्या वहीत पाहावे. एका कोयत्याचा अर्धा कोयता झाला की उचल कोणत्या दराने वळती केली जाते, तिथे सारे लिहिलेले असते.